डस्ट कलेक्टरचा पाइप पुन्हा पुन्हा चोक होतोय? मोटर बदलण्याआधी हे तपासा

सुतारकामाच्या मशिनींवरचा भुसा ओढून घेणाऱ्या डस्ट कलेक्टरचा पाइप उघडून साफ केला की काही दिवस ओढ एकदम झकास असते. मग हळूहळू रंध्याखाली भुसा साचायला लागतो, पॅनेल सॉच्या टेबलावर बारीक पूड दिसते आणि एके दिवशी आडवा पाइप पुन्हा गच्च. चोक होण्याची जागाही बहुधा तीच. मेन लाइनचा शेवटचा बेंड, नाहीतर दोन मशिनींचे पाइप जिथे एकत्र येतात तो सांधा. सोलापुरातली अक्कलकोट रोड एमआयडीसी असो की चिंचोळी, फर्निचरच्या शेडमध्ये ही तक्रार नेहमीची आहे. तिच्यावर सुचवला जाणारा उपायही ठरलेला असतो: ‘मालक, मोटर कमी पडतीय, पाच एचपीची टाकू.’

आधी या मोटरचंच बघू, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथेच वाया जातो.

ब्लोअर, म्हणजे कलेक्टरचा हवा ओढणारा पंखा, किती हवा ओढणार हे इम्पेलरचा (आतल्या पात्यांच्या चाकाचा) आकार, त्याचे फेरे आणि पाइपचा अडथळा यांवर ठरतं. 3 एचपीची टू-पोल मोटर मिनिटाला साधारण 2880 फेरे घेते आणि 5 एचपीचीही जवळजवळ तेवढेच घेते. इम्पेलर तोच ठेवून नुसती मोटर मोठी बसवली, तर हवा होती तेवढीच राहते. फेरे वाढवून हवा 20 टक्क्यांनी वाढवायची म्हटलं, तर लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 1.2 गुणिले 1.2 गुणिले 1.2 म्हणजे 1.73. तीन एचपीच्या जागी सव्वापाच एचपी लागली, आणि इम्पेलर त्या वेगासाठी बनवलेला नसेल तर तो फुटण्याचा धोका वेगळाच. तेवढीच हवा कित्येकदा दोन बेंड बदलून आणि होस (लवचीक नळी) कापून मिळते.

इंटरनेटवर बघून डक्टचा, म्हणजे पाइपलाइनचा, आराखडा करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेतली वीज 60 हर्ट्झची आहे, तिथली तशीच मोटर 3450 फेऱ्यांच्या आसपास फिरते. आपल्याकडे 50 हर्ट्झ. तोच इम्पेलर इथे सुमारे 83 टक्के हवा देतो आणि दाब जेमतेम 70 टक्के. त्यामुळे त्यांच्या व्हिडिओत चाळीस फूट लांब लाइन छान चालताना दिसली, म्हणजे आपल्या शेडमध्येही चालेलच असं नाही.

मग भुसा साचतो का?

लाकडाचा भुसा हवेबरोबर वाहत राहायचा तर पाइपमधल्या हवेला मिनिटाला 3500 ते 4000 फूट वेग हवा, म्हणजे सेकंदाला 18 ते 20 मीटर. वेग त्याखाली गेला की जड ढलप्या आधी खाली बसतात, मग त्यांच्या आडोशाला बारीक भुसा. 4000 फुटांच्या वेगाला 4 इंची पाइपमधून 350 सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा जाते, 5 इंचीतून 545, 6 इंचीतून 785 आणि 8 इंचीतून जवळपास 1400. हे चार आकडे शेडच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत.

आता नेहमीचं दृश्य बघा. ‘मोठा पाइप चांगला’ म्हणून मेन लाइन 8 इंची घातलेली असते. सकाळभर एकटी पॅनेल सॉ चालते, तिच्या शाखेचं 4 इंची गेट (हवा चालू-बंद करायची पट्टी) तेवढं उघडं आणि बाकीची बंद. 4 इंचीतून आलेली 350 सीएफएम हवा 8 इंचीत शिरली की तिचा वेग एक हजार फुटांवर येतो, म्हणजे पाहिजे त्याच्या चौथा हिस्सा. उभ्या पाइपातून भुसा झटकन वर जातो, बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे, आणि वर आडव्यात तो निवांत बसत राहतो. दुपारी रंधा आणि थिकनेसर दोन्ही सुरू होतात, गेटं उघडतात, मेनमधला वेग एकदम वाढतो. सकाळपासूनचा सगळा थर एकाच वेळी उठतो, पुढच्या बेंडवर जाऊन आदळतो आणि तिथे डाट बसतो. आपण बेंड साफ करतो आणि दोष बेंडला देतो. थर मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी परत साचायला लागतो. समस्या पुन्हा पुन्हा येते ती यामुळे.

याच्या उलटी चूकही तितकीच दिसते. खर्च वाचवायला शेवटपर्यंत 4 इंची मेन टाकतात. वेग टिकतो, पण अडथळा फार होतो. तेवढीच हवा 6 इंचीऐवजी 4 इंचीतून ओढायची तर घर्षण सात-साडेसात पट होतं. मग शेवटच्या मशिनीपर्यंत ओढ पोचतच नाही.

तीन एचपीच्या कलेक्टरला आणि पाच-सहा मशिनींच्या शेडला माझ्या मते 160 मिमीची मेन आणि 110 मिमीच्या शाखा हा सगळ्यात जमणारा मेळ आहे. हे दोन्ही माप एसडब्ल्यूआर (सांडपाण्याच्या पीव्हीसी) पाइपमध्ये कुठल्याही प्लंबिंगच्या दुकानात मिळतं. दोन 110 ची गेटं एकदम उघडी असली की 160 च्या मेनमध्ये सेकंदाला 18-19 मीटर वेग राहतो. म्हणून नियम असा करायचा: मशीन एकच चालू असली तरी गेटं दोन उघडी. दुसरं गेट मेनच्या अगदी टोकाचं उघडायचं, म्हणजे अख्खी लाइन धुतली जाते. पॅनेल सॉला खाली एक आणि वर ब्लेडच्या गार्डला एक अशा दोन शाखा दिल्या तर हा प्रश्न आपोआप सुटतो आणि वरची पूडही जाते.

तपासायला कुठून सुरुवात करायची

सगळ्यात आधी फिरण्याची दिशा. यात पाच मिनिटं जातात आणि पैसा लागत नाही. थ्री फेज मोटर रिवाइंड होऊन आली असेल, नाहीतर लाइनचं काम झाल्यावर फेजची अदलाबदल झाली असेल, तर ब्लोअर उलटा फिरतो. आणि सेंट्रिफ्यूगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा ओढतोच, फक्त बरीच कमी ओढतो. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. स्विच बंद करून इम्पेलर थांबत आला की मोटरच्या पंख्याकडे बघा आणि केसिंगवरच्या बाणाशी दिशा जुळवा. उलटी असेल तर इलेक्ट्रिशियनकडून दोन फेज बदलून घ्या. ‘लाइट जाऊन आली आणि तेव्हापासून ओढ कमी झाली’ असं कुणी म्हणालं की मी दुसरं काही बघायच्या आधी हेच बघतो.

त्यानंतर पाण्याची नळी. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्यायची, सहा-सात फूट. प्लायच्या तुकड्यावर ती इंग्रजी यू अक्षरासारखी क्लिपांनी बसवायची, दोन्ही हात दीड-दीड फूट उंच, मधे स्टीलची पट्टी. निम्म्यापर्यंत पाणी भरायचं आणि नीट दिसावं म्हणून त्यात शाईचे दोन थेंब. एक तोंड उघडं ठेवायचं, दुसरं डक्टला पाडलेल्या 3 मिमीच्या भोकावर घट्ट लावायचं. भोक सरळ पाइपात हवं, बेंडच्या लगेच पुढे नको, आणि आतली कड घासून साफ केलेली हवी. ब्लोअर चालू केला की डक्टकडच्या हातातलं पाणी वर चढतं, दुसऱ्यातलं उतरतं. दोन पातळ्यांमधलं अंतर म्हणजे तिथलं सक्शन, म्हणजे ओढ, पाण्याच्या इंचात. पाणी थोडं नाचतं, मधला आकडा घ्यायचा. काम झालं की भोकावर टेप.

आकडे दोन ठिकाणी घ्यायचे: ब्लोअरच्या जरा अलीकडे, आणि ब्लोअरच्या पुढे फिल्टर बॅगच्या आधी. दुसऱ्या ठिकाणी दाब असल्यामुळे पाणी उलट बाजूला सरकेल. दर वेळी तीच दोन गेटं उघडी ठेवायची, नाहीतर आकड्यांची तुलनाच होणार नाही. पाइप आणि बॅगा स्वच्छ असताना घेतलेले आकडे मार्करने केसिंगवर लिहून ठेवा. पुढचं सगळं निदान त्यांच्याशी तुलना करूनच होतं.

ब्लोअरच्या अलीकडचं सक्शन वाढलं आणि पुढचा दाब उतरला, तर अडथळा डक्टमध्ये आहे. सक्शन उतरलं आणि दाब वाढला, तर बॅगा भरल्यात. दोन्ही उतरले, तर ब्लोअरच नीट चालत नाहीये: दिशा, पट्टा असेल तर तो घसरतोय का, इम्पेलरच्या पात्यांवर थर बसलाय का, पाती झिजलीत का. बॅगा झटकूनही सक्शन कमीच राहिलं आणि मशिनीपाशीही ओढ नाही, तर ब्लोअरजवळ कुठेतरी गळती आहे. गळती शोधायला टिश्यू पेपरची अरुंद पट्टी सांध्यांवरून फिरवा, जिथे ती आत ओढली जाईल तिथे सील करा. काही जण अगरबत्तीचा धूर वापरतात. भुशाच्या लाइनवर निखारा नेऊ नका.

डक्टमध्ये चोक आहे हे ठरलं की नळी घेऊन लाइनवर पुढे सरकायचं. मेनला थोड्या थोड्या अंतरावर भोकं पाडून आकडा बघत जायचं. ब्लोअरपासून मशिनीकडे जाताना तो हळूहळू उतरत जातो, ते साहजिक आहे. ज्या दोन भोकांच्या मधे तो एकदम पडतो, चोक तिथेच. अख्खी लाइन उतरवायची गरज राहत नाही.

सोलापूरच्या हवेचाही इथे संबंध येतो. शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे आणि मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये पारा 43 च्या पुढे जातो. तापलेली हवा विरळ, म्हणून त्याच ब्लोअरचा आकडा डिसेंबरच्या सकाळपेक्षा आठ-दहा टक्के कमी येईल. तो बिघाड नव्हे. ऋतू बदलला की स्वच्छ लाइनवर पुन्हा एकदा आकडे घ्या.

चोकच्या जागी काय सापडतं

बेंड उघडला की नुसता भुसा हाताने निघतो. पण मुळाशी बहुतेक वेळा काहीतरी अडकलेलं असतं, आणि भुसा त्याला धरून बसलेला असतो. हल्ली मॉड्युलर कामामुळे एज बँडिंगच्या कापलेल्या पीव्हीसी पट्ट्या फार येतात. पत्र्याचा पाइप सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने जोडलेला असतो, स्क्रूचं टोक आत अर्धा इंच निघालेलं. एक पट्टी त्या टोकाला लटकते, तिच्यात दुसरी गुंतते, मग रंध्याची लांब सालपटं त्यात विणली जातात आणि पक्ष्याच्या घरट्यासारखा गोळा तयार होतो. तो काढला, पण स्क्रू तसाच ठेवला, तर पुढचा गोळा तिथेच होणार. सांध्यांना आखूड पॉप रिव्हेट वापरा, किंवा स्क्रूची टोकं ग्राइंडरने उडवा. लाइन उतरवून, बाहेर नेऊन, आतून पुसून, मगच. ब्लोअरच्या तोंडाशी जी जाळी किंवा क्रॉस असतो तोही याच वेळी बघा, पट्ट्यांची दुसरी आवडती जागा तीच. त्याआधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवा. इम्पेलरजवळ हात घालताना कुणी चुकून बटण दाबू शकतं. शेजारी टॉवेलचा कारखाना असेल तर सुताचे तंतूही या जाळीवर येऊन बसतात, तिथे ती वरचेवर बघावी लागते.

पाइप एकात एक घालताना ड्रेनेजचाच नियम: आधीच्या पाइपचं टोक पुढच्याच्या सॉकेटमध्ये. उलटं बसवलं तर हवेच्या तोंडाला कड येते आणि तिथे भुसा धरतो.

शाखा मेनला वरून किंवा बाजूने जोडायची. खालून जोडलेली शाखा गेट बंद असताना मेनमधल्या भुशाने भरत जाते आणि ती मशीन सुरू केली की पहिला लोटच चोक करतो. जोड नेहमी 45 अंशाचा वाय, हवेच्या दिशेला झुकलेला. काटकोनी टी नको. 90 चा आखूड एल्बोही नको. दोन 45 चे बेंड, मधे फूटभर सरळ तुकडा, हे काम उत्तम देतं. एसडब्ल्यूआरमध्ये झाकणाचा डोअर बेंड मिळतो. मेनच्या वळणावर तो बसवला तर साफसफाई स्क्रूड्रायव्हरवर होते.

फ्लेक्सिबल होसबद्दल मी थोडा आग्रही आहे. आतून वळ्या असलेली होस तेवढ्याच लांबीच्या गुळगुळीत पाइपच्या तिप्पट अडथळा करते. 4 इंची गुळगुळीत पाइपला 350 सीएफएमवर फुटामागे साधारण 0.07 इंच सक्शन खर्च होतं, होसला 0.2 च्या वर. मशीन सरकवायला सोपं जावं म्हणून आठ फूट होस गुंडाळून ठेवलेली बघितली की वाईट वाटतं. तिथेच दीड-पावणेदोन इंच सक्शन जातं, आणि छोट्या कलेक्टरकडे एकूण दहा-अकरा इंचांच्या वर फारसं नसतंच. दोन फूट होस पुरते, बाकी कडक पाइप.

हिशोब नेहमी सगळ्यात लांबच्या मशिनीपासून करायचा. उदाहरण घ्या: 30 फूट 160 ची मेन म्हणजे साधारण 1.35 इंच, 10 फूट 110 ची शाखा 0.7, पाच फूट होस 1.05, शाखेवरचे दोन मोठ्या वळणाचे बेंड मिळून 0.85, मेनचा एक बेंड 0.45. झाले 4.4. मशिनीचं तोंड आणि आतला हूड (भुसा गोळा करणारं झाकण) दोन इंच धरा, फिल्टर दीड. बेरीज आठच्या जवळ. कलेक्टरच्या माहितीपत्रकात आलेख असेल तर आठ इंचांवर तो किती सीएफएम देतो ते बघायचं. ठळक छापलेला मोठा आकडा बहुधा काहीही न जोडता उघड्या तोंडाने घेतलेला असतो. त्यावर डक्टचं गणित बसवू नका. म्हणूनच सर्वात जास्त भुसा टाकणारी मशीन, म्हणजे रंधा आणि थिकनेसर, ब्लोअरच्या जवळ हवी आणि बँड सॉ लांब चालेल. शेडमध्ये मशिनी आधीच रोवलेल्या असतील, तर ब्लोअरची जागा हलवणं पुष्कळदा स्वस्त पडतं.

पत्र्याची लाइन करणार असाल तर 24 गेज किंवा त्याहून जाड पत्रा सांगा. एसीच्या डक्टचा पातळ पत्रा सगळी गेटं बंद असताना आत चेपतो. पत्र्याच्या लाइनला अर्थिंग हवंच. फेब्रुवारी ते मे आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की पीव्हीसी पाइपला हात लागला की झटका बसतो. पाइपभोवती उघडी तांब्याची तार गुंडाळून ती अर्थला जोडली की झटके कमी होतात, पण जमत असेल तर मेन तरी पत्र्याचीच करा.

फिल्टरचं काम थोडक्यात. एमडीएफची पूड कापडाची छिद्रं लवकर बुजवते, म्हणून एमडीएफ कापल्याच्या दिवशी संध्याकाळी ब्लोअर थांबवून बॅग झटकायचीच. पावसाळ्यात ओल धरली की हीच पूड कापडावर थापल्यासारखी बसते आणि झटकून निघत नाही, तेव्हा बॅग काढून उन्हात वाळवावी लागते. खालची पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. त्यावर गेली की भुसा परत वर उडून फिल्टरला लागतो.

कापडाची वीण जाड असेल तर ढलप्या पिशवीत राहतात आणि डोळ्यांना न दिसणारी पूड बॅगेतून आरपार शेडमध्ये परत येते. कवडशात ती तरंगताना दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाच्या धुळीला माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय. सागवान, शिसम, एमडीएफ, कशाचीच धूळ हलकी समजू नका. ब्लोअर आणि बॅगा शेडच्या मागे पत्र्याच्या छपराखाली ठेवल्या तर ही पूड बाहेर पडते. तेव्हा मिनिटाला सातशे-आठशे घनफूट हवा शेडमधून जाते, तेवढी आत यायला समोर खिडकी किंवा जाळीचा झरोका उघडा ठेवावा लागतो. सगळं बंद करून बसलात तर कलेक्टरला ओढायला हवाच मिळणार नाही आणि नळीचा आकडा पुन्हा फसवेल. ब्लोअर आतच ठेवायचा असेल तर 1 मायक्रॉनची बॅग घ्या, आणि कामगारांना मास्क लावायला सांगा.

एक गोष्ट कुणी कितीही सांगितली तरी करू नका. ग्राइंडर, धार लावायचं मशीन किंवा वेल्डिंगचा धूर याच लाइनला जोडायचा नाही. ठिणगी पाइपातून थेट बॅगेतल्या कोरड्या पुडीत जाते आणि तासभर धुमसत राहते, शेड बंद करून सगळे घरी गेल्यावर पेटते. जुन्या लाकडातले खिळे इम्पेलरला लागूनही ठिणगी पडते, म्हणून ब्लोअरच्या आधी एक सायक्लोन (हवा गोल फिरवून जड माल खाली पाडणारं भांडं) किंवा साधं पिंप बसवा, खिळे आणि ढलप्या तिथेच पडतात. पिंपाचा अडथळा दोन-तीन इंच येईल. तो वरच्या हिशोबात आधीच मिळवा आणि मगच मेनचं माप ठरवा.